फासा सगळ्यांसमोर पडू दे!

हॉस्टेलवर कुठलाही खेळ भांडणाशिवाय पूर्ण होत नाही. कॅरममध्ये 'सोंगटी हलली', पत्त्यांत 'तू माझी पानं बघितलीस', क्रिकेटमध्ये 'बॅट लागली होती रे'. ही भांडणं बरी, कारण ती तिथल्या तिथे मिटतात. टेबलटॉप रोलप्लेइंग गेममधलं भांडण मात्र वेगळ्या जातीचं असतं. त्यात कोणी ओरडत नाही. चार-पाच महिने रंगलेला खेळ हळूहळू थंड पडतो. दर शनिवारी कोणाला तरी नेमकं सबमिशन आठवतं, कोणाला घरी जायचं असतं, आणि एक दिवस खेळ बंद होतो. का बंद झाला विचारलं तर सगळे खांदे उडवतात. थोडं खोलात गेलं की अनेकदा एकच गोष्ट बाहेर येते. खेळ चालवणारा पडद्यामागे फासे टाकत होता, आणि त्या फाशांवर कोणाचा विश्वास उरला नव्हता.

हा लेख त्या फाशांबद्दल आहे. फासा झाकून टाकायचा की सगळ्यांसमोर? प्रश्न छोटा वाटतो, पण सगळा खेळ त्यावर उभा आहे.

आधी खेळ समजून घेऊ

ज्यांनी हा प्रकार पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. चार-सहा जण गोल करून बसतात. त्यातला एक गेम मास्टर, म्हणजे जीएम. बाकीचे एकेक पात्र घेतात. कोणी योद्धा, कोणी जादूगार, कोणी चोर. जीएम प्रसंग सांगतो, "समोर दरी आहे, तिच्यावर दोरांचा पूल आहे, पण अर्ध्या फळ्या कुजलेल्या दिसतात." मग आपापलं पात्र काय करणार हे खेळाडू सांगतात. जे नक्की जमेल किंवा नक्की जमणार नाही, त्याचा निकाल जीएम तोंडीच देतो. जिथे काहीही होऊ शकतं, तिथे फासा पडतो.

या खेळांचा मूळपुरुष म्हणजे 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोन अमेरिकन माणसांनी तो १९७४ साली बाजारात आणला. आज त्यात मुख्य फासा असतो वीस बाजूंचा. फाशावरचा आकडा घ्यायचा, त्यात पात्राच्या कौशल्याचे गुण मिळवायचे, आणि बेरीज ठरलेल्या आकड्याइतकी किंवा जास्त आली की काम फत्ते. समजा तुमच्या योद्ध्याचे गुण +५ आहेत आणि शत्रूचं चिलखत १५ चं आहे. मग फाशावर १० किंवा त्याहून जास्त हवेत. वीसपैकी अकरा आकडे तुमच्या बाजूचे, म्हणजे ५५ टक्के. गणित एवढंच!

आता पडदा. जीएमसमोर पुठ्ठ्याचा तीन-चार घड्यांचा एक स्क्रीन उभा असतो. बाहेरच्या बाजूला ड्रॅगनची चित्रं, आतल्या बाजूला नियमांचे तक्ते. त्यामागे जीएमचे नकाशे, टिपणं आणि फासे. नकाशा लपवायचा हे ठीक आहे, गुप्त दरवाजा कुठे आहे हे आधीच दिसलं तर मजाच गेली. पण फासेही त्याच पडद्यामागे पडतात. खेळाडूंना फक्त खडखडाट ऐकू येतो, आणि मग जीएम म्हणतो, "लागला बाण. सात डॅमेज." खरंच लागला का? ते एकट्या जीएमला ठाऊक.

पडद्याची वंशावळ

ही पद्धत आली कुठून? त्यासाठी दोनशे वर्षं मागे, प्रशियाच्या सैन्यात जावं लागेल. तिथे राइस्विट्झ नावाच्या बाप-लेकांनी 'क्रीगश्पील', म्हणजे युद्धाचा खेळ, तयार केला. बापाने १८१२ मध्ये तो प्रशियाच्या राजाला दाखवला आणि लष्करात अधिकारी असलेल्या मुलाने १८२४ मध्ये सुधारलेले नियम छापले. नकाशावर दोन पक्ष, मध्ये एक पंच. आपल्या तुकड्यांना जेवढं दिसेल तेवढंच प्रत्येक पक्षाला कळायचं, बाकी सगळं पंचाकडे. तोफखान्याच्या माऱ्यात किती माणसं पडली हे फासे आणि तक्ते ठरवायचे.

पुढे लोकांना त्या तक्त्यांचा कंटाळा आला. १८७६ मध्ये फेर्डी द्यु फेर्न्वा या प्रशियन अधिकाऱ्याने सुचवलं की फासे आणि तक्ते बाजूला ठेवा, अनुभवी पंच स्वतःच्या अकलेने निकाल देईल. म्हणजे आपला आजचा वाद तेव्हाच सुरू झाला होता म्हणा ना! निकाल फाशाचा की पंचाचा?

रोलप्लेइंग गेममध्ये हे दोन्ही विचार एकत्र आले. माहिती राखणारा पंचही आला आणि फासेही आले. १९७९ साली गायगॅक्सने डंजन मास्टरसाठी जे जाड मार्गदर्शक पुस्तक लिहिलं, त्यात काही फासे जीएमने गुपचूप टाकावेत असं सांगितलं आहे, आणि गरज पडली तर फाशाचा निकाल बाजूला सारायचा हक्कही जीएमला दिला आहे. २०१४ च्या पाचव्या आवृत्तीचं मार्गदर्शक पुस्तक तर दोन्ही बाजू मांडतं. पडद्यामागे टाकलात तर आकडा बदलता येतो, उघड टाकलात तर पक्षपाताचा संशय राहत नाही, तुमचं तुम्ही ठरवा.

तेव्हा झाकून टाकणारे जीएम नियम मोडतात असं कोणी समजू नये. त्यांना पुस्तकाचा आधार आहे. प्रश्न आहे तो त्यातून टेबलावर काय घडतं याचा.

फासा फिरवावासा का वाटतो?

फाशावर एक आकडा आला आणि जीएमने दुसराच सांगितला, याला इंग्रजीत 'फजिंग' म्हणतात. आपण 'फासा फिरवणे' म्हणू. तो फिरवणारा जीएम दुष्ट असतो का? बहुतेक वेळा उलटच. त्याला दया येते.

उदाहरण घेऊ. २०१४ च्या स्टार्टर सेटमधली 'लॉस्ट माइन ऑफ फँडेल्व्हर' ही साहसकथा बऱ्याच जणांची पहिलीच असते. तिच्या सुरुवातीलाच वाटेत चार गॉब्लिन दबा धरून बसलेले असतात. पाचव्या आवृत्तीत गॉब्लिनला हल्ल्याचे +४ मिळतात आणि त्याच्या बाणाने सहा बाजूंच्या एका फाशाचा आकडा अधिक २ इतकं नुकसान होतं. समोर समजा पहिल्या पातळीचा जादूगार आहे. चिलखताचा आकडा १३, हिट पॉइंट ८. गॉब्लिनला ९ किंवा जास्त हवेत, म्हणजे ६० टक्के. दोघांनी त्याच्यावर नेम धरला तर दोन्ही बाण लागण्याची शक्यता ३६ टक्के. आणि दोन बाण लागले की बहुतेक वेळा जादूगार आडवा!

आता विचार करा. एखाद्या पोराने आठवडाभर बसून आपलं पात्र तयार केलंय, त्याचं गाव, त्याची आई, त्याचा हरवलेला गुरू, सगळं वहीत लिहून आणलंय. आणि पहिल्या वीस मिनिटांत तो मरायला टेकला. जीएम पडद्यामागे १७ बघतो आणि म्हणतो, "हुकला! कानाजवळून गेला." कोणालाही असंच करावंसं वाटेल.

दुसरं कारण कथेचं. जीएमने तीन आठवडे खपून एक खलनायक उभा केला आणि खेळाडूंनी त्याला पहिल्याच फेरीत लोळवलं. मग खलनायकाचे हिट पॉइंट अचानक वाढतात, हुकलेला वार लागतो. हेतू काय, तर क्लायमॅक्स रंगावा. हेतूत खोट नाही. खोट आहे ती पुढे जे होतं त्यात.

रीडिंग जमवण्याचा प्रकार

हे इंजिनिअरिंगच्या मुलांना समजावून सांगायची गरज पडू नये. प्रॅक्टिकलची रीडिंग 'जमवणं' हा आपल्याकडचा जुना कुटीरोद्योग. आधी ग्राफ काढायचा, सरळ रेषेत, छान ओरिजिनमधून जाणारा. मग त्या रेषेवरून रीडिंग उचलून तक्त्यात भरायची. जर्नलवर सही मिळते. पण त्या तक्त्यावरून त्या स्प्रिंगबद्दल, त्या सर्किटबद्दल काही कळतं का? काहीच नाही. कारण सर्किटला बोलायची संधीच दिली नव्हती.

फासा फिरवणारा जीएम हेच करतो. ग्राफ त्याच्या डोक्यात आधीच तयार आहे, आकडे तो नंतर भरतो. आणि त्यात सगळ्यात जास्त नुकसान होतं खेळाडूच्या निर्णयाचं.

वरच्याच जादूगाराकडे 'शील्ड' नावाचा मंत्र आहे असं धरा. वार लागल्यावर लगेच म्हणायचा, चिलखताचा आकडा त्या फेरीपुरता ५ ने वाढतो. १३ चा झाला १८. पहिल्या पातळीला अशा मंत्रांचे स्लॉट दोनच, त्यामुळे जपून वापरावा लागतो. गॉब्लिनच्या फाशावर ११ पडले, अधिक ४, एकूण १५. हे सगळ्यांना दिसलं तर जादूगार म्हणतो, "शील्ड!" आणि बाण परतवतो. १६ पडले, एकूण २०, तर त्याला कळतं की शील्डने काही होणार नाही, स्लॉट वाचवू. हा खरा निर्णय झाला. पडद्यामागच्या फाशावर तोच निर्णय अंधारात मारलेला दगड होतो. आणि जीएम मुळात तुम्हाला मरू देणारच नसेल तर शील्ड घेतला काय, नाही घेतला काय, सारखंच!

तसाच 'ब्लेस' हा मंत्र. त्याने प्रत्येक हल्ल्यात चार बाजूंच्या फाशाचा आकडा मिळतो, म्हणजे सरासरी अडीच. सुरुवातीच्या उदाहरणातले ५५ टक्के मग साडेसदुसष्ट होतात. साडेबारा टक्क्यांची ही कमाई तुम्ही एक मंत्र खर्चून विकत घेतलेली असते. जीएमने एकदा जरी आकडा बदलला, की ही कमाई कागदावरच राहते.

दुसरं नुकसान याहून वाईट. एक आकडा फिरवला आणि तो खेळाडूंच्या लक्षात आला, की मागचे सगळे आकडे संशयित होतात. गेल्या महिन्यात तुम्ही दोन हिट पॉइंट शिल्लक असताना तो राक्षस मारलात, रात्री दोनपर्यंत त्याच्या गप्पा चालल्या. तो खराच मारला होता का? की जीएमने मारू दिला? जीएमची दया तुमच्या पराक्रमातून वजा होते. हरणं शक्य होतं म्हणून त्या जिंकण्याला किंमत होती. ती शक्यताच खोटी निघाली तर मागे उरतं काय?

प्रामाणिक जीएमची अडचण

आता असा जीएम घ्या जो पडद्यामागे टाकतो, पण एकही आकडा बदलत नाही. त्याचं काय? खरं सांगायचं तर त्याचीच जास्त पंचाईत आहे.

समजा दोन सत्रांत त्याच्या राक्षसांनी मिळून ४० हल्ले केले आणि एकदाही २० पडला नाही. खेळाडू म्हणणार, "हा आपल्याला वाचवतोय." वास्तविक ४० फाशांत एकही २० न येण्याची शक्यता ०.९५ चा ४० वा घात, म्हणजे जवळजवळ १३ टक्के. आठात एक वेळा असं आपोआप होतं. उलट एका रात्री तीन वेळा लागोपाठ २० पडले, तर ते म्हणणार, "खुन्नस काढतोय." लागोपाठच्या ठरावीक तीन फाशांवर तसं होण्याची शक्यता आठ हजारात एक आहे, पण असे फासे वर्षभरात किती पडतात ते मोजा.

मुद्दा असा की आकड्यांवरून खोटेपणा पकडता येत नाही आणि खरेपणाही सिद्ध करता येत नाही. पडद्यामागचा जीएम कितीही सज्जन असला तरी त्याच्याकडे पुरावा नसतो. टेबलाच्या मध्यभागी पडलेल्या फाशाला पुरावा लागत नाही. सगळ्यांनी एकदमच पाहिलेला असतो. म्हणून मला वाटतं की उघडा फासा खेळाडूंपेक्षाही जीएमच्या फायद्याचा आहे. राक्षसाने मारलं तर राक्षसाने मारलं. रूममेटने मारलं असं होत नाही, आणि दुसऱ्या दिवशी त्याच रूममेटबरोबर मेसमध्ये जेवायचं असतं!

उघडा टाकायचा तर विचार आधी

'उघडा टाका' म्हणणं सोपं आहे. पण पडदा बाजूला केला आणि बाकी काहीच बदललं नाही, तर पहिल्याच रात्री सगळी पात्रं मरतील आणि लोक म्हणतील, झाकलेलाच बरा होता. उघड्या फाशाची अट ही आहे की जीएमने आपली अक्कल फासा पडायच्या आधी वापरायची. पडल्यानंतर वेळ गेलेली असते. हे कसं करायचं ते क्रमाने पाहू.

एक. दोन्ही निकाल चालणार असतील तरच फासा टाका. खुन्याची चिठ्ठी कपाटात आहे आणि ती मिळाल्याशिवाय कथा पुढे जाणारच नाही, तर तिथे फासा टाकायचाच नाही. कपाट उघडलं, चिठ्ठी मिळाली. झाकून टाकणारा जीएम इथे फासा टाकतो, ३ पडतात, आणि मग त्याला "कशीबशी सापडली" असं म्हणावं लागतं. तो फासा टाकायची गरजच काय होती?

दोन. आकडा आधी सांगा. "भिंत ओली आहे, १५ हवेत." मग फासा. आकडा फाशानंतर ठरवला तर उघडा फासासुद्धा झाकलेलाच. पेपर तपासून झाल्यावर पासिंगचे मार्क ठरवण्यासारखं ते.

तीन. हुकलं तर काय होईल तेही सांगा. "पडलास तर खाली दहा फूट, आणि आवाज होईल, पहारेकरी येतील." खेळाडू म्हणेल, "मग नको, दोर बांधतो." वा! त्याने विचार केला. जोखीम दिसली की माणूस डोकं चालवतो.

चार. दया दाखवायची तर ती राक्षसाच्या वागण्यातून दाखवा. गॉब्लिन चारच्या चार एकाच जादूगारावर नेम का धरतील? त्यांना लूट हवी आहे, जीव नको. दोघे पडले की उरलेले पळतील. किंवा ते कैदी धरतील, कारण पाचव्या आवृत्तीच्या नियमांत जवळून केलेल्या वाराने शत्रूचे हिट पॉइंट शून्यावर आले तर त्याला ठार न मारता बेशुद्ध पाडायची मुभा आहेच. हे सगळं जीएमच्या हातात आहे, आणि त्यासाठी एकही आकडा फिरवावा लागत नाही.

आणखी एक. नियमांत आधीच बरीच दया भरलेली आहे, ती वाचा तरी! पाचव्या आवृत्तीत हिट पॉइंट शून्य झाले म्हणजे मेला असं नाही. दर फेरीला एक फासा टाकायचा. १० किंवा जास्त आले तर यश, कमी आले तर अपयश. तीन यशं आधी झाली तर जगला, तीन अपयशं आधी झाली तर गेला. २० पडले तर लगेच शुद्धीवर, १ पडला तर दोन अपयशं एकदम. कोणाचीही मदत नसताना, वर आणखी वारही पडले नाहीत तर, जगण्याची शक्यता निघते ५९.५ टक्के. गणित आवडणाऱ्यांनी स्वतः काढून बघावं, रिकर्शनचा छान प्रश्न आहे. आणि शेजारी मित्र असेल तर तो धावून येतोच. हे फासे टेबलाच्या मधोमध पडू द्या आणि त्या क्षणाची शांतता बघा. परीक्षेच्या हॉलमध्येसुद्धा एवढी शांतता नसते.

पाच. जमेल तिथे फासा खेळाडूच्या हातात द्या. काही खेळांनी तर जीएमचे फासेच काढून घेतले. व्हिन्सेंट आणि मेग्वे बेकर यांच्या २०१० सालच्या 'अपोकॅलिप्स वर्ल्ड'मध्ये खेळ चालवणारा फासे टाकतच नाही, सगळे फासे खेळाडू टाकतात. जीएमने फिरवायला हातात फासाच नाही!

पण काही फासे झाकायलाच हवेत ना?

ही शंका रास्त आहे. समजा चोर म्हणतो, "मी दारावर सापळा शोधतो." उघड फासा टाकला, २ पडले. जीएम म्हणतो, "काही दिसत नाही." आता चोराच्या मालकाला ठाऊक आहे की आपण नीट शोधलंच नाही. पात्राला मात्र ते ठाऊक नसावं. तेच 'हा माणूस खोटं बोलतोय का' या फाशाचं. २०१९ च्या 'पाथफाइंडर'च्या दुसऱ्या आवृत्तीत म्हणूनच अशा ठरावीक फाशांवर 'सीक्रेट' असा शिक्का आहे आणि ते जीएमने गुपचूप टाकायचे असतात. लक्षात घ्या, कुठले फासे गुपचूप हे तिथे पुस्तकातच छापलेलं आहे. ते सगळ्यांना आधी माहीत असतं.

यावर तीन उपाय आहेत. पहिला, फासाच नको. पाचव्या आवृत्तीत 'पॅसिव्ह' आकडा असतो, १० अधिक पात्राचे गुण. सापळ्याचा आकडा त्याहून मोठा नसेल तर दिसला, मोठा असेल तर नाही. दुसरा, फासा उघडच टाका आणि खेळाडूंवर विश्वास ठेवा. २ पडलेत हे माहीत असूनही जो खेळाडू हसत हसत दार उघडतो, त्याच्यासारखा खेळाडू नाही.

तिसरा उपाय हॉस्टेलला अगदी सोयीचा आहे. मेसचा स्टीलचा पेला घ्या. खेळाडूनेच फासा पेल्यात हलवायचा आणि पेला टेबलावर पालथा घालायचा. कोणीच बघायचं नाही, जीएमनेही नाही. चोर दार उघडतो तेव्हा पेला उचलायचा! निकाल गुप्त राहिला, पण कोणाच्या ताब्यात गेला नाही. सगळ्यांसमोर पडलाय आणि सगळ्यांपासून झाकलाय. मधल्या पाच मिनिटांत सगळ्यांचे डोळे त्या पेल्यावर खिळलेले असतात, ती मजा पडद्यामागे मिळत नाही. सापळ्याची टीप जीएमने आधीच कागदावर लिहून ठेवलेली असावी, म्हणजे तोही पुरावा.

यातून एक फरक स्पष्ट होतो. गुपित ठेवणं वेगळं, निकाल बदलणं वेगळं. खलनायक कोण, खजिना कुठे, गुप्त दरवाजा कुठल्या भिंतीत, हे सगळं खुशाल लपवा. ते लपवणं हेच जीएमचं काम आहे. टेबलावर जे ठरलं ते मात्र तसंच राहू द्या.

आणि एखाद्या ग्रुपला फिरवलेले फासेच आवडत असतील तर? लहान भावंडांबरोबर खेळताय, किंवा सगळ्यांना निवांत गोष्ट हवी आहे, तर तसं खेळा की. फक्त पहिल्या दिवशी मोकळेपणाने सांगा, "अधूनमधून मी आकडा बदलेन, चालेल ना?" सगळे हो म्हणाले तर विषय संपला. पारदर्शकता म्हणजे नेमकं हेच. कुठल्या नियमांनी खेळतोय हे सगळ्यांना माहीत असणं.

फासा तरी खरा आहे का?

शकुनीचे फासे कोणाला आठवले असतील तर त्यांचं बरोबर आहे. ते फासे काही पडद्यामागे पडले नव्हते, भर सभेत पडले होते! म्हणजे नुसतं उघड टाकणं पुरेसं नाही, फासाही चोख हवा. सगळ्यांनी एकच फासा वापरला तर निम्मा वाद मिटतो.

तरी संशय असेल तर आपण इंजिनिअर आहोत, टेस्ट करू. वीस बाजूंचा फासा १०० वेळा टाका आणि कुठला आकडा किती वेळा आला ते मांडा. प्रत्येक आकडा सरासरी ५ वेळा यायला हवा. प्रत्येक आकड्यासाठी फरकाचा वर्ग काढून त्याला ५ ने भागा आणि विसांची बेरीज करा. एखादा आकडा ११ वेळा आला तर त्याचे ७.२ झाले. बेरीज ३०.१४ च्या वर गेली तर ५ टक्के पातळीवर फासा संशयास्पद, कारण १९ डिग्रीज ऑफ फ्रीडमला काय-स्क्वेअरचा तक्ता तोच आकडा देतो. तेवढ्याने फासा फेकून देऊ नका, चोख फासेसुद्धा वीसात एकदा या चाळणीत अडकतात. पुन्हा २०० वेळा टाका. एम-थ्रीमध्ये जे पाठ करून विसरलो, त्याचा हा पहिला खरा उपयोग म्हणा!

ऑनलाइन खेळणाऱ्यांना हा प्रश्न थोडा सोपा आहे. रोल ट्वेंटीसारख्या साइटवर टाकलेला फासा सगळ्यांच्या पडद्यावर दिसतो. मात्र तिथेही जीएमला गुपचूप टाकायची सोय आहे, तेव्हा बोलून घ्यायचं ते आधीच घ्या.

सुरुवात करायची तर

खर्चाची सबब सांगू नका. पाचव्या आवृत्तीचे मूळ नियम २०२३ च्या जानेवारीत क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली खुले झाले, ते फुकट आणि कायदेशीर मिळतात. वीस बाजूंचा फासा नसेल तर १ ते २० च्या चिठ्ठ्या करा. यात कमीपणा काही नाही. १९७९ च्या सुमारास फाशांचा तुटवडा पडला तेव्हा खुद्द टीएसआर कंपनीने बेसिक सेटच्या खोक्यात फाशांऐवजी आकड्यांच्या चकत्या घालून विकल्या होत्या. फक्त काढलेली चिठ्ठी दर वेळी परत टाकून वाटी हलवा, नाही तर शक्यतेचं गणित बिघडेल.

आणि पात्रं बनवायच्या आधी पाच मिनिटं तीन गोष्टी ठरवून घ्या. कुठले फासे उघडे आणि कुठले पेल्याखाली. आकडा आणि परिणाम फाशाआधी सांगायचा की नाही. आणि पात्र मेलं तर पुढे काय, नवं पात्र लगेच आणायचं की पुढच्या आठवड्यात. हे तीन मुद्दे वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा. नंतर वाद झालाच तर पान उघडता येतं.

जे सध्या पडद्यामागे टाकतात त्यांना एवढीच विनंती की पडदा फाडू नका, नकाशे आणि टिपणं राहू द्यात त्याच्या मागे. फक्त येत्या शनिवारी फासे उचलून पलीकडे, मधोमध ठेवा. पहिले दोन-तीन आकडे पडताना हात थोडा अडखळेल, कारण सवय सावरून घ्यायची असते. मग कधीतरी एका महत्त्वाच्या वाराला सगळे पुढे वाकतील, फासा घरंगळत जाईल, वहीला अडून थांबेल, आणि जे काय पडलंय ते तुम्हालाही त्यांच्याबरोबरच कळेल. इतके दिवस गोष्ट तुम्ही सांगत होता, त्या रात्री तुम्हीही ती ऐकाल.